आजारी न पडणारी शेळी

शेळी कधी तक्रार करत नाही, असं आप्पांना ज्या माणसानं सांगितलं तो शेळ्या विकणारा होता. एवढी एक गोष्ट त्या वेळी ध्यानात आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आप्पा तेव्हा शेळीच्या प्रेमात होते, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला दलालसुद्धा साक्षीदार वाटतो.

शेळीच्या म्हणजे कुठल्या एका शेळीच्या नव्हे, जातीच्या. आप्पा एका सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर अभिलेखपाल होते. म्हणजे जुन्या कागदांची खोली त्यांच्या ताब्यात होती, आणि त्या कागदांची नक्कल ज्याला हवी असेल त्याला आप्पांच्या खिडकीशी यावं लागे. खाली तिसऱ्या मजल्यावर पशुसंवर्धनाचं कार्यालय होतं. तिथला टंकलेखक जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर यायचा. आप्पांची खोली शांत असायची आणि फाइलींवर पाय ठेवून बसता यायचं. त्यानं एके दिवशी डब्याखाली एक सरकारी पुस्तिका अंथरली. आप्पांनी भाजीच्या डागाभोवतीनं वाचली:

'कातळी शेळी : ओळख व संगोपन. ही जात खडकाळ माळावरची असून अत्यंत काटक आहे. कमी पाण्यावर, मिळेल त्या चाऱ्यावर, कोणत्याही हवामानात ती जगते. सहसा आजारी पडत नाही. काटेरी झुडपे विशेष आवडीने खाते.'

पहिल्या तीन वाक्यांत आप्पांना आपलंच सेवापुस्तक वाचल्यासारखं वाटलं. शेवटच्या वाक्याला मात्र ते खुर्चीत सरळ झाले. कारण त्यांच्या तळमजल्यावरच्या घरामागे काटेरी झुडपांचं असं रान माजलं होतं, की मागचं दार उघडलं तर झुडूपच घरात यायचं. सोसायटीच्या अध्यक्षांनी 'सदर झुडपे पंधरा दिवसांत काढावीत' अशी नोटीस त्याच दारावर चिकटवली होती. एक माळी येऊन बघून गेला आणि हत्यार आणतो म्हणाला, तो अजून आणतोच आहे. दुसरा नुसता हसला.

"दोन आठवड्यांत साफ," टंकलेखक म्हणाला. "जनावर आहे, यंत्र आहे यंत्र!"

शेळीवाल्यानं त्यावर कळस चढवला. "साहेब, हिला काही द्यायला लागत नाही. नुसती बांधा आणि विसरा."

तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, हातात झाडू घेऊन बाहेर आल्या. सगळी इमारत त्यांना काकूच म्हणायची.

"ही कोण?"

"ही कातळी," आप्पा अभिमानानं म्हणाले.

"आडनाव नाही विचारलं. राहणार कुठं?"

"मागे. आणि दोनच आठवडे. झुडपं संपली की परत."

"पाहुणी म्हणायची तर," काकू म्हणाल्या आणि झाडू कोपऱ्यात ठेवून आत गेल्या. शेळीचं नाव पडलं ते तेवढंच.

पाहुणी राखी-काळ्या रंगाची, अंगानं सडसडीत, वयानं तरुण होती. डोळे पिवळे, त्यात आडवी फट. त्या डोळ्यांनी ती समोरच्याकडे अशी बघायची, की माणसाला आपण काय लपवलंय ते आठवायला लागावं. उजवा कान पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूम, लांब आणि लोंबता. डाव्या कानाचं टोक कुठल्यातरी जुन्या भांडणात गेलेलं होतं.

आप्पांनी तिला मागच्या दारी नेऊन झुडपांसमोर उभं केलं आणि एखाद्या पुलाचं उद्घाटन केल्यासारखं दोन पावलं मागे सरले. पाहुणीनं झुडूप हुंगलं. मग जेवायचं बोलावून सरबतावर बोळवण केलेल्या विहीणबाईंसारखं आप्पांकडे पाहिलं. मग मान वळवून दारावरची सोसायटीची नोटीस खाल्ली.

"सुरुवात कागदानं केली," आप्पा म्हणाले. "नवीन जागा आहे. रुळेल."

ती रुळली. संध्याकाळपर्यंत पायपुसणं रुळलं, आप्पांच्या डाव्या चपलेचा अंगठा रुळला, नळाला जोडलेल्या रबरी नळीचं टोक रुळलं. दुसऱ्या दिवशी दावं कुरतडून ती पुढच्या अंगणात गेली आणि अध्यक्षांच्या पत्नीच्या सात गुलाबांपैकी सात गुलाब तिनं काट्यांसकट खाल्ले. काटे तिला आवडत होते, याचा तो पुरावाच होता. ते कुठले खायचे याबद्दल मात्र तिचं स्वतःचं मत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष दारात आले. ते कुठल्याशा खात्यातले निवृत्त तपासनीस होते, आणि निवृत्ती फक्त खात्यानं घेतली होती, त्यांनी नाही.

"आप्पासाहेब, आपली ती माझ्या गाडीवर उभी आहे."

"उतरेल."

"कधी?"

आप्पांनी पुस्तिका चाळली. चढण्याबद्दल अर्धं पान होतं, उतरण्याबद्दल काही नव्हतं.

आता कुणाकडे शेळी आली की आसपासच्या प्रत्येक माणसाच्या आजोळी एकेकाळी शेळ्या होत्या असं निष्पन्न होतं. सल्ल्यांना ऊत आला. दुसऱ्या मजल्यावर भूगोलाचे एक निवृत्त गुरुजी राहत. ते हातात छडी असल्यासारखी वाकडी छत्री घेऊन खाली आले आणि त्यांनी पाहुणीकडे नकाशा बघावा तसं पाहिलं.

"दोष शेळीचा नाही, उंचीचा आहे," ते म्हणाले. "माळावरचा जीव सखल भागात आणून ठेवलात. तिला चढ हवा. दगडांचा ढीग करून द्या, गाडीकडे ढुंकून बघणार नाही."

आप्पांनी दोन रविवार खपवून, कंबर धरून, पडक्या कुंपणाचे दगड रचून ढीग केला. गुरुजींचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. पाहुणीनं गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. ढिगावरून ती पंपाच्या खोलीवर गेली आणि तिथून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. तिथं वाळत घातलेले कपडे तिनं खाल्ले नाहीत, फक्त चावून परत ठेवले. गुरुजींनी मग सांगितलं, की ढीग दक्षिणेला करायला हवा होता.

अध्यक्ष पुन्हा आले तेव्हा त्यांच्या काखेत उपविधींचं पुस्तक होतं.

"नियम सत्तावीस," ते म्हणाले. "सभासदाला पाळीव प्राणी ठेवता येईल. पशुधन ठेवता येणार नाही."

नियम ऐकला की आप्पांच्या अंगात वारं भरायचं. गेले काही दिवस ते खचले होते, आता ताठ झाले. "पाळीव कशाला म्हणायचं, याची व्याख्या आहे का?"

"जो मालकाचं ऐकतो तो पाळीव."

"मग पाळीव नाही," काकू आतून म्हणाल्या.

आप्पांनी पुस्तक हातात घेतलं. तीस वर्षं ज्यानं इतरांना बारीक टाइपात अडकवलं, त्याला बारीक टाइपात सुटकाही दिसते. नियमाखाली पोटनियम होता: 'मात्र शासनाच्या जतन-यादीतील शुद्ध जातीच्या प्राण्यास, तसा दाखला सादर केल्यास, हा नियम लागू होणार नाही.'

"दाखला आणतो," आप्पा म्हणाले.

"सर्वसाधारण सभा महिन्यानं आहे. तोवर आणा. नाहीतर ठराव मांडतो, आणि ती जाईल."

दाखला आपल्याच कचेरीच्या इमारतीतला, एक जिना खाली. आप्पांना ते घरचं कार्य वाटलं. दुसऱ्या दिवशी हात हलवत ते तिसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून आप्पांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई! चौथ्या मजल्याचे साहेब ना? मी आले होते तुमच्याकडे, वडिलांच्या जमिनीच्या नकलेसाठी. पाच वेळा."

"हो का? झालं ना काम?"

"झालं की. सहाव्यांदा." त्या फार गोड हसल्या. "बोला साहेब."

"एक दाखला हवा होता. शेळीचा."

"एक कागद कमी आहे."

"मी अजून एकही दिला नाही!"

"मग बघा ना, किती कमी आहेत."

अर्ज चार पानी होता. शेळीचं पूर्ण नाव. मातेचं नाव. पित्याचं नाव, आणि पिता शुद्ध कातळी असल्याबद्दलचा पुरावा. अर्जदाराशी नातं. नात्यापुढे आप्पांनी बराच विचार करून 'यजमान' लिहिलं. पित्यासाठी मात्र शेळीवाल्याकडे जावं लागलं.

"पिता?" शेळीवाला डोकं खाजवत म्हणाला. "साहेब, बोकड तो. आला तसा गेला. त्याचा कुणी पत्ता ठेवतं का?"

तरी त्यानं आप्पांच्या चेहऱ्याकडे बघून लिहून दिलं, की सदर बोकड स्वभावानं व शिंगांनी शुद्ध कातळी होता व त्याच्याबद्दल कळपात कुणाची तक्रार नव्हती.

मग मोजमाप. प्राणी समक्ष तिसऱ्या मजल्यावर हजर करायचा. लिफ्टवर पाटी: 'जनावरे व अवजड सामान नेऊ नये.' ज्या कार्यालयात जनावरांखेरीज दुसरं काम चालत नाही तिथं जनावर न्यायचं कसं, हा प्रश्न आप्पांनी लिफ्टवाल्याला विचारला. तो म्हणाला, मी पाटी लिहीत नाही, वाचतो. जिना हा एकच मार्ग उरला, आणि चढणं हा पाहुणीच्या अंगचा एकच निर्विवाद गुण होता. ती आप्पांना दाव्यानं ओढत निघाली. तिसरा मजला आला, आप्पा म्हणाले "बस, इथंच," आणि ती चौथ्यावर गेली.

चौथ्यावर आप्पांची खोली उघडी होती. पाहुणी एका उडीत टेबलावर, दुसरीत कपाटावर, आणि तिसरीत सगळ्यात वरच्या फळीवर चढली. तिथं आप्पांच्या हाताखाली तीस वर्षं राखलेल्या, फितीनं बांधलेल्या, शिक्के मारलेल्या फाइली होत्या.  आप्पांनी डोळे मिटले.

काही वाजलं नाही. आप्पांनी डोळे उघडले. पाहुणीनं एक फाइल हुंगली. दुसरी हुंगली. मग एक मोठी शिंक देऊन तिनं तोंड फिरवलं.

नोटीस, पायपुसणं, चप्पल आणि रबरी नळी खाणाऱ्या प्राण्यानं आपल्या हयातीच्या कामाला तोंडही लावू नये! फाइली वाचल्या म्हणून आप्पांना आनंद व्हायला हवा होता. पण तिला खाली उतरवताना टंकलेखकानं "नशीब हो आप्पा!" म्हटलं, तेव्हा त्यांना ते टोचलं.

खाली मोजणीदारानं फीत काढून कान मोजले. उजवा पात्र ठरला. डावा दोन बोटं कमी भरला.

"म्हणजे उजव्या बाजूनं शुद्ध आहे," तो म्हणाला.

"अहो, एका शेळीच्या दोन जाती कशा असतील?" आप्पा कळवळले.

मोजणीदार भला माणूस होता. त्यानं दोन्ही कानांची सरासरी काढली. ती एका सुतानं बसली. आप्पांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सगळे कागद खिडकीत सरकवले. बाईंनी एकेक पान शांतपणे उलटलं आणि बोट चौदाव्या रकान्यावर ठेवलं.

"'मागील आजारांचा तपशील.' इथं तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"आजारी पडलीच नाही ती. ही जात आजारी पडत नाही. तुमच्याच पुस्तिकेत आहे."

"पुस्तिकेत 'सहसा' आहे, साहेब. आणि आजार आलाच नाही तर काटक आहे हे सिद्ध कसं व्हायचं? आजार यावा, जावा, आणि डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं. एवढा एकच कागद कमी आहे बघा."

जनावरांचे डॉक्टर तळमजल्यावर बसत. त्यांनी पाहुणीकडे दारातूनच पाहिलं. "हिला काय झालंय?"

"काही नाही."

"मग मी काय करू? रजिस्टरात रोग लिहिल्याशिवाय मला तपासताच येत नाही. निरोगी जनावर तपासलं तर कारण काय दाखवू?"

"तेवढं लिहून द्या ना, की ती निरोगी आहे."

"तपासल्याशिवाय कसं लिहू?" डॉक्टर दुखावल्या स्वरात म्हणाले. मग खाली वाकून हळूच बोलले, "साधी सर्दी झाली तरी चालेल. सर्दी झाली की बोलवा, मी येतो, बरी करतो, सही करतो. अर्ध्या तासाचं काम."

अशा रीतीनं आप्पांवर शेळीला सर्दी करण्याची वेळ आली. सभेला बारा दिवस उरले होते.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आप्पांनी सकाळच्या गार वाऱ्यात पाहुणीला बादलीभर गार पाण्यानं न्हाऊ घातलं. पहिल्या तांब्याला ती दचकली, दुसऱ्याला डोळे मिटले, आणि तिसऱ्यापासून तिला ते आवडायला लागलं. अंग झाडून तिनं अर्धी बादली आप्पांना परत केली. आप्पा बनियनवर होते. असं सलग तीन दिवस चाललं. शेवटी शेवटी बादली दिसली की ती स्वतःहून येऊन उभी राहायची.

"वाऱ्याच्या झोतात बांधा," गुरुजींनी वरून छत्रीनं दिशा दाखवली. "ईशान्येकडून येतो."

आप्पांनी झोत कुठं लागतो ते बघायला स्वतः तिथं तासभर उभं राहून पाहिलं. लागत होता.

"का त्या बिचारीच्या मागे लागलाय?" काकू म्हणाल्या. "मुकं जनावर आहे."

"तिच्या भल्यासाठीच! आजारी पडली नाही तर तिला जावं लागेल."

काकूंनी पदरानं पाहुणीचं तोंड पुसलं. "ऐकलंस? आजारी पड म्हणताहेत. घरात राहायचं तर तेवढं करावं लागतं."

चौथ्या दिवशी सर्दी झाली. आप्पांना. संध्याकाळी ताप चढला, दुसऱ्या दिवशी घसा बसला, आणि डॉक्टरांना द्यायचा 'सर्दी झाली, ताबडतोब या' असा आधीच ठरलेला निरोप टंकलेखकानं उत्साहानं पोहोचवून टाकला. डॉक्टर बॅग घेऊन हजर झाले.

"पेशंट कुठं आहे?"

"हे काय," काकूंनी पलंगाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी सवयीनं आप्पांचे कान चाचपले, खालची पापणी ओढून पाहिली आणि खिन्नपणे मान हलवली. "हे माझ्या कक्षेत येत नाहीत." जाताना त्यांनी मागच्या दारात डोकावून पाहिलं. पाहुणी ढिगाच्या टोकावर उन्हात उभी होती, अंगावर चमक, डोळ्यांत तेज. "अशी तब्येत मी गेल्या दहा वर्षांत बघितली नाही," डॉक्टर म्हणाले आणि हळहळत निघून गेले.

आप्पा सात दिवस पलंगावर होते. तोंडाला चव नाही, कानात दडे. दुपारी गुंगीत त्यांना मागच्या बाजूनं खचखच असा काहीतरी आवाज ऐकू यायचा, आणि काकूंचा बोलण्याचा. काकू फोनवर असतील असं समजून ते कूस बदलायचे. एवढं कुणाशी बोलते, असं त्यांच्या मनात येऊन जायचं. पण विचारायला घसा नव्हता.

सभेच्या आदल्या दिवशी ते उठले, भिंत धरत मागच्या दारी गेले, आणि दार धरून तसेच उभे राहिले. झुडपं नव्हती. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत स्वच्छ जमीन, आणि मधोमध पाहुणी रवंथ करत बसलेली.

"खाल्लं!" आप्पा बसलेल्या घशानं ओरडले. "अगं, पुस्तिका खोटी नव्हती! रुळायला वेळ लागला फक्त!"

काकू भांडी घासत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा भांड्याकडे वळल्या.

सभा इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत भरली. खुर्च्यांवर घराघरातले पुरुष, मागे उभ्या बायका. अध्यक्षांनी ठराव वाचला: सदर पशुधन आठ दिवसांत हलवावं. आप्पा मफलर गुंडाळून उठले. दाखला नव्हता, पण हाती पुरावा होता. त्यांनी सभेला उठवून मागच्या बाजूला नेलं.

"बघा," ते म्हणाले. "तीन माळी जे करू शकले नाहीत ते." माळी दोनच होते, पण सभेत एखादा माळी वाढतो. "एका मुक्या, काटक प्राण्यानं, काहीही न मागता, एका महिन्यात करून दाखवलं!"

सभासदांनी जमीन पाहिली, पाहुणीकडे पाहिलं. पाहुणीनं सभासदांकडे पाहिलं. वातावरण झपाट्यानं बदललं. मघाशी जे पशुधन होतं ते आता सोसायटीची मालमत्ता व्हायला लागलं. एक जण म्हणाला, मला पहिल्यापासून खात्री होती. गुरुजी म्हणाले, दगडांचा ढीग माझी कल्पना. अध्यक्षांनी तर तिथंच पेन काढलं.

"सुधारित ठराव," ते म्हणाले. "पुढच्या कुंपणालाही अशीच झुडपं आहेत, आणि डावीकडचा मोकळा तुकडाही आहे. सदर शेळीनं ते पुढील महिन्याअखेर पूर्ण करावं. अनुमोदन?"

"काटे मी कापलेत."

आवाज मोठा नव्हता. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. काकूंनी पदराआडचे दोन्ही हात पुढे केले. तळव्यांपासून कोपरापर्यंत ओरखडे होते, काही खपली धरलेले, काही ताजे.

"रोज दुपारी. विळा घेऊन. पुढच्या कुंपणाचंही माझ्याच अंगावर येणार, म्हणून सांगितलं. नाहीतर नसतं सांगितलं."

 सात दिवस आप्पांच्या पलंगापासून दहा पावलांवर हे चाललं होतं. त्यांना खोकल्याची उबळ आली.

अध्यक्षांनी पेन थांबवलं. "मग काकू, शेळी काय करत होती?"

"ऐकत होती."

"काय ऐकत होती?"

"मी बोलत होते ते."

कुणीतरी हसलं, पण एकटाच पडला म्हणून गप्प झाला. तेवढ्यात अध्यक्षांच्या मागून त्यांच्या पत्नी बोलल्या. गुलाब गेल्यापासून त्या काकूंशी बोलत नव्हत्या, असं सगळे समजून होते.

"मी पण बसले होते तिथं. मंगळवारी. गुलाबांवरून चार शब्द सुनावायला गेले होते तिला." त्यांनी पाहुणीकडे बोट केलं. "चार म्हणता म्हणता दीड तास झाला. मान वर करून बघत असते हो. मध्ये बोलत नाही. घड्याळाकडे बघत नाही."

"तू दीड तास काय बोलत होतीस?" अध्यक्ष घाबरून म्हणाले.

"ते तिला माहीत."

गुरुजींच्या सूनबाई म्हणाल्या, मी रोज कपडे वाळत घालून झाले की जाते. गुरुजींनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेळी राहू द्यायची का, यावर अध्यक्षांनी मतदान पुकारलं, तेव्हा घरटी एक मत या नियमाप्रमाणे पुरुषांनी हात वर करण्याआधीच मागच्या ओळीतले हात वर झाले होते, आणि एकदा वर गेलेला हात घरच्या माणसानं खाली कसा ओढायचा, याला उपविधींत तरतूद नव्हती.

अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहिलं: 'सदर प्राणी पाळीव की पशुधन, हा निर्णय शासकीय दाखला प्राप्त होईपर्यंत स्थगित.' ही वाक्यरचना आप्पांनीच सुचवली. तेवढं तरी त्यांच्याकडून व्हायला हवं होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा अर्ज अजून आहे. खिडकीतल्या बाई तो दर आठवड्याला काढतात आणि शेरा मारून परत ठेवतात: 'शेळी आजारी पडण्याच्या प्रतीक्षेत.'

सभेनंतर दोन दिवस झाले तरी अपमान नेमका कुणी केला, तेच आप्पांना ठरवता येत नव्हतं. काकूंचे ओरखडे जेवताना दिसायचे, आणि आप्पा आमटीची वाटी उगाचच फिरवत राहायचे. रविवारी सकाळी ते कुठूनतरी दुसरा विळा घेऊन आले आणि काकूंच्या मागोमाग पुढच्या कुंपणाशी गेले.

पाहुणी भिंतीवर चढून बसली होती. काकू कापता कापता बोलायला लागल्या, तिच्याकडे बघून. आप्पा चार हातांवर होते. पहिल्याच फांदीचा काटा त्यांच्या अंगठ्यात गेला, पण ते "स्स" सुद्धा म्हणाले नाहीत, कारण कान तिकडे होता.

"परवाना आला बरं का," काकू पाहुणीला सांगत होत्या. "स्कूटरचा. आठचा आकडा नाही काढावा लागला, सरळ चालवून दाखव म्हणाले, दाखवली. आता ती शेडमध्ये धूळ खाणारी आपली जुनी स्कूटर बाहेर काढायची आणि ताईकडे जाऊन यायचं. तीन वर्षं झाली भेटून."

आप्पांचा विळा थांबला.

"तू स्कूटर शिकलीस?"

"हो."

"परवाना काढलास? एकटी गेलीस? किती फेऱ्या झाल्या?"

"एकच."

 आप्पा अंगठा चोखत, दुखावल्या आवाजात म्हणाले, "मला कधी सांगितलं नाहीस ते."

काकूंनी फांदी ओढून बाजूला टाकली आणि कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले.

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, लेखी दे."